सुईआधीची दोन मिनिटं

सोम., ३ फेब्रु. २०२५
सकाळी १० वा. ४० मि. दातांच्या डॉक्टरांनी न सांगता हिरडीत सुई खुपसली आणि सगळं औषध एका दमात आत सोडलं. कानापर्यंत कळ. मी ओरडले. कॉन्व्हेंटात सिस्टरच्या छड्या खाल्ल्या तेव्हाही ओरडले नव्हते. वर म्हणे, "आजी, या वयात एवढं नाटक?"
पुढचा नंबर आक्काचा. बाहेर आले तर बाक रिकामा. माझी थोरली बहीण रिक्षा करून थेट अनगोळला, माझ्या घरी.

बुध., ५
आक्काचा गाल सुजलाय. दाढेत पू, त्यात तिला साखरेचं दुखणं. गोळ्यांवर चार दिवस निभेल, पण दाढ काढायलाच हवी. ती म्हणते, गावी जांबोटीला परत जाते. "तू शिकल्याली असून वरडलीस. म्या न्हाय जायाची."
माझ्याच ओरडण्याने घाबरली. माझ्याही दाताचं काम अर्धवट आहेच. दुसऱ्या डॉक्टरकडे आधी मी बसणार.

शुक्र., ७
नवी डॉक्टर मच्छे गावची, पोरसवदा. हिरडीवर मलम लावलं आणि थांबली. दोन मिनिटं; भिंतीवरच्या घड्याळात मोजली. तोवर औषधाची नळी मुठीत. गार औषध जास्त झोंबतं म्हणे. "बाई, हात वर केलात की मी थांबेन." मग गाल चिमटीत धरून हलवत राहिली. मी डोळे मिटून सुईची वाट बघतेय...
"झालं."
काय झालं? सुई कधीच बाहेर आली होती. थेंब थेंब सोडलं, म्हणाली.
ओठ अलगद कुणी उचलून नेल्यासारखा. सत्तरीला आले, असं काही पाहिलं नव्हतं. घरी येईपर्यंत पहिल्या डॉक्टरांवरचा राग सुद्धा आठवला नाही.

शनि., ८
आक्काचा बरा गाल धरून तिला सगळं करून दाखवलं. ती हसली. "आमचा जनावरांचा डाक्टर बी आधी म्हशीची मान थोपटतो, मग सुई घालतो. तिला कळत बी न्हाय. त्यात काय नवल गं?"
म्हणजे जांबोटीच्या म्हशीला मिळतं तेवढंही मला...
थोड्या वेळाने आक्का स्वतःच विचारते, "थोपटती व्हय ती?"
नव्या डॉक्टरकडे तिच्यासाठी सोमवारी ११ ची वेळ घेतली. येते म्हणाली नाही. न्हाय असंही म्हणाली नाही.

रवि., ९
पहिल्या डॉक्टरांना पत्र लिहिलं. उद्या नव्या दवाखान्यात जाताना पोस्टात टाकेन. शेवट असा:
"दोन मिनिटं थांबायला आपली काय अडचण होती? आपल्या बाकावरून उठून गेलेल्या बाईची दाढ अजून तिच्या तोंडात आहे. शनिवार, १५ फेब्रुवारी, सायं. ५ पर्यंत लेखी उत्तर हवं. फोन करू नये."