लाटेकच्या पोटातली माहेरची नावं

३ फेब्रु.
लॅपटॉपच्या उबंटूवर लाटेक, म्हणजे पुस्तक जुळवायचं सॉफ्टवेअर, पुन्हा बसवलं. जुन्यात जोडाक्षरं फुटत होती, नव्यात ठीक. पुस्तकाची पानं लावायला याला तोड नाही, इति भाची मुक्ता. कुळवृत्तांताचा सगळा मजकूर लाटेकच्याच फोल्डरात टाकलाय, म्हणजे शोधाशोध नको. शाळेत शिकवायचो तेव्हाही सगळं एकाच कपाटात कोंबायचो. चैत्रात हरिहरेश्वरला कुलसंमेलन, पुस्तक तोवर हवं.

५ फेब्रु.
घराण्यातल्या सुनांची माहेरची नावं आज टाइप करून संपली. लग्नात ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिलं की जुनं कोणी घेत नाही. कागदावर कुठेच नाहीत, फक्त अण्णाच्या डोक्यात. थोरला भाऊ, चौऱ्याऐंशीचा. तो झोपाळ्यावर बसून सांगायचा, मी थेट टाइप करायचो. वही कशाला मध्ये!
मी निघताना अण्णा म्हणाला, "बापूला हाक मार रे, सुपारी सोलायची राहिल्ये." बापू, आमचा जुना गडी, जाऊन नऊ वर्षं झाली. मला बरं नाही वाटलं.

१० फेब्रु.
डिस्क भरली. दोन-दोन लाटेक नांदतायत, जुनं नि नवं. एक काढायला गेलो तर दुसरंही रुसलं. वैतागून फोल्डर मुळासकट उडवलं. एक ओळ, एंटर. खात्री आहे का, एवढंही विचारलं नाही त्याने. दुपारी पहिल्यापासून सगळं बसवलं. झकास चालतंय. स्वतःवर खूश होऊन दोनदा चहा.

११ फेब्रु.
मजकूर नाही. त्याच फोल्डरात होता. गाढव आहे मी.
पेन ड्राइव्हवर दिवाळीतली प्रत. त्यात पुरुष तेवढे सगळे आहेत.
मुक्ताला फोन. "मामा, उडवल्यावर परत काही बसवलंस?"
"सगळं. सात जीबी."
तिने आकडा पुन्हा विचारून घेतला. मग, "बंद कर लॅपटॉप. हात लावू नकोस. शनिवारी येते."
जेवण गेलं नाही.

१२ फेब्रु.
वही घेऊन अण्णाकडे. 'तपासायचंय' म्हटलं. खोटं बोललो. पहिली आठ-दहा भराभर आली. मग थोरल्या काकूशी अडला. "दुर्गा. नाही, दुर्गा नव्हे..." पुढच्या तिघींनाही दुर्गाच म्हणाला. मी लिहून घेतलं, काय करणार.
वहिनी दारात. "भाऊजी, आज पुरे. परवा मलाच विचारत होते, तुम्ही कोणाकडच्या म्हणून."
हे मला आजवर का नाही सांगितलं? विचारायचं राहिलं. खरं तर धीर झाला नाही.

१४ फेब्रु.
मुक्ता लॅपटॉप घेऊन गेली. चपला घालता घालता म्हणाली, "प्रयत्न करते, मामा. पण त्यावरच परत लिहिलं गेलंय." रागावली असती तर बरं झालं असतं.
अण्णा दिवसभर झोपून.

१५ फेब्रु.
आज एकच विचारलं. "अण्णा, आपल्या आईचं माहेरचं नाव काय?"
 हसला, लहानपणी माझी चोरी पकडल्यावर हसायचा तसा. "मला काय विचारतोस? तुला सांगितलंय की. तू लिहून घेतलंस."
घेतलं होतं. आईची ओळ वरून तिसरी, हेसुद्धा आठवतंय. नाव टाइप करताना 'अगदी शोभत नाही तिला' असं म्हणून आम्ही दोघं हसलोही होतो.
नाव आठवत नाही.
वहिनी म्हणते, सकाळी चहानंतर जरा भानावर असतात. उद्या सातला जातो.