तुरट फळं, गोड कोला

९ नोव्हेंबर, रविवार
टीव्हीवर पांढऱ्या कोटातलं एक पोरगं सांगत होतं — पर्सिमनच्या केशरी फळात पॉलिफिनॉल असतं, रक्तवाहिन्यांना उत्तम! केवढा मोठा शोध! आमच्या सांगजूत ज्याला नुसतं तुरट म्हणतात, त्याचं बारसं करून हे लोक पगार घेतात. मी चाळीस हंगाम पहाटे उपाशी पोटी चार फळं खातोय — अर्धवट वाळलेली, तुरटपणा न गेलेली. बायकोला, ओकबुनलाही रक्तदाबासाठी मीच लावली सवय. तोंड वाकडं करायची, पण खायची.

दुपारी प्यो जावईबापू आले. दैगू शहरात दुकान टाकलंय, हातात सदा कोलाची बाटली. म्हणे, "बाबा, उपाशी पोटी नका हो खाऊ." बघत होता जमिनीकडे. बाटल्या विकणारा मला फळं शिकवणार!

याच माणसानं ओकबुनला घालवलं. दोन वर्षं झाली. पोटात कळांवर कळा येत होत्या तिच्या. रुग्णवाहिका आली की गावभर बोभाटा, म्हणून मी याला बोलावलं — तर दैगूहून गाडी आणायला दोन तास! आतडं अडलं होतं, उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. उशीर कुणी केला? मी त्याला तोंडावर विचारलं होतं. तर हा खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधत बसला!

१४ नोव्हेंबर
पोट जड. भात नको वाटतो.

१७ नोव्हेंबर
उलटी, दोनदा. वाळवायची फळं सोलणाऱ्या बायका कुजबुजतात. सोला म्हणावं मुकाट्यानं, साली जाड निघतायत.

१९ नोव्हेंबर, बुधवार
मीहेनं — माझीच लेक, पण अक्कल नवऱ्याकडून घेतलेली — इस्पितळात नेलंच. दुर्बीण घातली घशातून. डॉक्टरीण मीहेपेक्षा लहान. पडद्यावर दाखवला — अंड्याएवढा काळपट खडा. माझ्या पोटात!

"सॉ आजोबा, हे तुमच्या फळातलं टॅनिन. फळ वाईट नाही, पण उपाशी पोटी, रोज, इतकं तुरट? आम्लात त्याचा गोळा बसतो."

मी म्हटलं, माझ्या आज्यानंही खाल्लं.

"त्यांच्या पोटात दुर्बीण घातली होती का कुणी?"

उर्मट! आणि उपाय काय, तर कोला! चार दिवस, रोज तीन लिटर. त्यानं खडा मऊ पडतो म्हणे, मग आतूनच फोडायचा. नाही पडला तर पोट उघडायचं, आणि माझ्या हृदयाची दशा बघून ते तिला नकोय. मधेच तो घसरून आतड्यात अडकला तर पोट उघडण्यावाचून इलाजच नाही उरणार, असंही सांगून ठेवलं. मग विचारलं, "घरात आणखी कुणाला झालं होतं असं?" मी म्हटलं, छे! प्यो स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

मरेन, पण ते काळं सरबत पिणार नाही.

२० नोव्हेंबर
प्यायलो. रात्रभर मरणाची भीती वाटली, खोटं कशाला लिहू.

२१ नोव्हेंबर
प्यो दुकान बंद ठेवून उशाशी बसलाय. पेल्यात कोला ओततो आणि एका काडीनं ढवळत बसतो — गॅस निघून जावा, मला ढेकरा येऊ नयेत म्हणून. गिऱ्हाइकांपुढे वाकायची सवय, दुसरं काय! मी म्हटलं, "इतकी घाई त्या दिवशी केली असतीस तर?" मग म्हणाला, "बाबा, अजून अर्धा पेला."

पाठीला कणाच नाही या माणसाच्या.

२३ नोव्हेंबर, रविवार
खडा फुटला! डॉक्टरीण हसली, मीहे रडली. मी प्योला म्हटलं, तुझा धंदा वाढला रे. तोही हसला. लागतं कसं नाही याला काही!

२४ नोव्हेंबर
मीहेला राहवलं नाही. आज बोलली. ओकबुनच्या आतड्यातही हाच खडा होता, पर्सिमनचा. शस्त्रक्रियेनंतर सर्जननं प्योला आणि तिला दाखवला होता. शुद्ध होती तोवर तिनं त्याचाच हात धरून सांगितलं — "यांना कळू देऊ नका, फार लागेल." त्यानं शब्द पाळला. दोन वर्षं.

चारही फळं मी पुढ्यात बसून संपवायला लावायचो तिला.