पळसाचा कोलू जाळू नये

मी सोमारी, मयत चैतू मांदाडे ढिवर यांची बायको, वय अंदाजे पासष्ट, राहणार डोंगरटोली, मूलजवळ, जिल्हा चांदा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहवून घेते. गुडघे गेले आहेत, डोके गेलेले नाही. लिहिणारे गुणवंतराव गुरुजी भले गृहस्थ आहेत, तरी प्रत्येक ओळ मी त्यांना दोनदा वाचून दाखवायला लावली.

१. माझा एकुलता मुलगा कोलू बारा वर्षांपूर्वी पुतण्या इस्तारीबरोबर आलापल्लीला सागवान तोडायला गेला. इस्तारी एकटाच परतला. "काकी, तो जंगलात पुढं गेला, मंग मले दिसलाच नाई," एवढेच तो आजवर सांगतो. माझा त्याच्यावर विश्वास नाही.

२. बारा वर्षे झाली, आता पळसाच्या पानांचा पुतळा करून कोलूचे क्रियाकर्म उरका, असे इस्तारी पंचांना सांगत फिरतो. पुतळा जळला की कोलू मेला, आणि घरावर हक्क सांगायला इस्तारी मोकळा. माझ्या हयातीत वा माझ्यामागे हा पुतळा कोणीही जाळू नये.

३. घर मी मूलच्या बाजारात मासळी विकून बांधले. ते सून गोकुळा हिला देते. तिच्यावर मी अन्याय केला, तोही लिहून ठेवते. मागच्या पोळ्याला ती परसात पळसाची पाने जुळवताना दिसली. इस्तारीने हिला फितवले असे वाटून मी तिला चुलीतल्या लाकडाने मारले. ती म्हणाली, "आत्याबाई, पत्रावळ लावून राह्यली मी. सणाले त्याचं पान वाढा लागते ना." दर सणाला, मी तलावावर गेल्यावर, ती त्याला वाढत होती. मला त्या माराची फार लाज वाटते.

४. गोकुळा तिशीची आहे. तिला पाट लावायचा असेल तर पुतळा न जाळता लावावा, पंचांनी आडवे येऊ नये. दुसरा नवरा याच घरी आणावा. कोलू परतला तर त्याला पडवी द्यावी. त्याने भांडू नये, उशीर त्याने केला आहे.

५. जाळी दोन. माझे फाटके इस्तारीला. कोलूचे गोकुळाला. तलावात जितकी जाळी पडतात तितके मासळीचे वाटे होतात, म्हणून त्याचेही जाळे मी बारा वर्षे स्वतः टाकले. पुढेही टाकावे.

६. मार्कंड्याच्या महादेवाला मी दर शिवरात्रीला विचारते, माझा पोरगा आहे का? तो हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. इस्तारीचेही तेच. पण इस्तारी नजर चुकवतो, महादेव चुकवत नाही. म्हणून भरवसा महादेवावर. नारळ मात्र कोलू आल्यावरच फोडावा.

सोमारी चैतू मांदाडे, निशाणी डाव्या अंगठ्याची.
साक्षीदार: लच्छू पाटील, सही.
साक्षीदार: इस्तारी मांदाडे, अंगठा. त्याच्या तोंडचे शब्द: "कोलूले मेलेला मी पाह्यला नाई."
डोंगरटोली, ता. ११ मार्च १९५७.

ता.क. अंगठा देताना इस्तारीच्या डोळ्यांत पाणी आले. ते भीतीचे की भावाच्या मायेचे, मला कळले नाही. तेवढे महादेवावर सोडते.