बेकरीवाल्याच्या मरणाचा सीन

४ मार्च
ठरलं. मी सिनेमात. युद्धाच्या काळातला आहे, एका जाडजूड कादंबरीवरून काढलेला. डोंगरातल्या बंडखोरांना चोरून पाव पोचवणारा बेकरीवाला मी. चौकात पोलीस मला गोळी घालतात. संवाद नाही. पण डायरेक्टर (डेन्मार्कचा, मिशीही धड फुटलेली नाही) म्हणाला, तुमचा चेहराच बोलतो. बोलणारच. खाटकाच्या हाताखाली आतडी धूत वर आलेला चेहरा आहे, आज गावातलं एकमेव सॉसेजचं दुकान त्याच्या मागे उभं आहे.

निश्चय: कादंबरी वाचायची. दहा किलो उतरवायचे, कारण गाव उपाशी दाखवायचंय. आणि सिनेमा लागला की रुमियानाबाईंना लग्नाचं विचारायचं. रिटायर शिक्षिका, नवरा जाऊन सहा वर्षं झाली. दर शनिवारी येतात, फक्त पाव किलो सॉसेज नेतात. एवढ्याशासाठी कोण दर शनिवारी येतं? उघड आहे.

११ मार्च
कादंबरीची सहा पानं झाली. बेकरीवाला आला नाही. मग एकदम शेवट वाचला, तिथेही नाही. लेखकाला माणसांची पारख नाही.
वजन: सकाळी दही, दुपारी दही. चार वाजता नवा माल चाखला. तो धंद्याचा भाग, धरायचा नाही.

२ एप्रिल
शूटिंग. दिवसभर गोळ्या खाल्ल्या. पालथा पडलो की मी डुलतो म्हणे. उताणा पडलो की मागचं चर्च दिसत नाही म्हणे. चर्च दुसरीकडून घ्या की! मला गोळी घालणारा पोलीस म्हणजे आमचा दोब्री न्हावी. त्याला दोन वाक्यं दिलीत, काय बघून देव जाणे. सगळ्यांदेखत ओरडला, दादा, पोट हलतंय, मेलायस तू! बघ्यांत उभ्या रुमियानाबाई हसल्या. माझ्याकडे बघून हसल्या.

३ एप्रिल
पुढच्या सीनसाठी माझ्या निधनाचे कागद छापणार. दारावर, खांबावर, बसथांब्यावर, खऱ्या मेलेल्याचे लागतात तसेच. नाव कादंबरीछाप, फोटो माझा. सगळ्यात रुबाबदार होता तो दिला. थोरली वहिनी म्हणाली, भावजी, जित्या माणसाने असला कागद लावून घेऊ नये. म्हटलं, वहिनी, याला पब्लिसिटी म्हणतात.

१९ एप्रिल
सिनेमावाले गेले. खोटी पोलीसचौकी मोडली, काटेरी तारा गुंडाळल्या. कागद तेवढे जागच्या जागी. मेलेल्याचा कागद हाताने कोण फाडणार? वाऱ्यापावसाने न्यायचा, ही रीत. सफाईवाल्यांना चार शब्द गोड बोललो. म्हणाले, दादा, तूच फाड की. फाडणारच होतो. पण आपलाच कागद, आपल्याच हाताने… असो. ढग आहेत.

७ मे
पाऊस नाही.
वरच्या गावाहून दोन म्हाताऱ्या दुकानात आल्या. हातात उकडलेले गहू, आणि फुलं सम संख्येत, मयताला नेतात तशी. मला गल्ल्यावर बघून एक मटकन खाली बसली. दुसरी म्हणाली, मेला तरी दुकान सुटत नाही मेल्याचं!
संध्याकाळी बसथांब्यामागे सहज उभा होतो. आतून एक आवाज आला, माणूस बरा होता हो, पण लसूण घालून मांसाचं वय लपवायचा. दुसरा म्हणाला, गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये; आणि लसूण ताजा असायचा. नाव झालं की लोक बोलतातच.
विक्री घटली, ती उन्हामुळे. शनिवारी रुमियानाबाई आल्या नाहीत. सर्दी असणार.

२० ऑक्टोबर, पुढचं साल
प्लोवदिव शहरात सिनेमाचा पहिला खेळ. रुमियानाबाई माझ्याबरोबर आल्या. दोब्रीही त्याच बसने आला. बस काय माझी एकट्याची नाही. थांब्याला छप्पर असल्याने तिथला कागद अजून कोरा करकरीत. त्याच्याखालीच उभं राहून बस पकडली.

सिनेमा लांबला. मला मात्र उरकलं. चौकातला सीनच नाही. बाहेर कुठेतरी ठो झालं, तो मी. मग भिंतीवर माझा कागद. त्याच्यापुढे हिरो हिरॉइनला मिठी मारतो, तिचा अंबाडा बरोबर माझ्या तोंडावर. दोब्रीची दोन्ही वाक्यं शाबूत.

पण रुमियानाबाई रडल्या. मन ओलं झालेलं दिसलं, बाहेर येताच विचारून टाकलं.

त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, बोगोमिल, माणूस तुम्ही चांगले. पण मी एकदा विधवा झाले ती रीतसर, लग्न करून, संसार करून, मग. तुमचा कागद तर आधीच लागलाय. इतकी घाई मला झेपायची नाही.

म्हणजे नाही असं म्हणाल्या नाहीत. ही नोंद महत्त्वाची.

परतीच्या बसमध्ये दोब्रीशेजारी बसल्या. त्या सीटला खिडकी होती.