शेपटीवरचा आकडा

काका,

तुम्ही फिरून यायच्या आत निघतेय. जेवण झाकून ठेवलंय. टेबलावरच्या विमानाला हात लावू नका, रंग ओला आहे. शेपटीवरचा बावीस मी खरवडून काढलाय.

बाबा युद्धात बावीस नंबरच्या विमानातून गेले आणि परतले नाहीत, असं तुम्हीच सांगत आलात. काल त्यांच्या हवाई तळावरचे जुने मेकॅनिक घरी आले आणि मॉडेल बघून म्हणाले, "पोरी, काम सुबक आहे, पण आकडा चुकला. बावीस त्या युद्धात उडालंच नाही, इंजिन काढून शेडमध्ये उभं होतं. तुझा बाप एकोणीस घेऊन गेला. ते तर परत आलं."

तुम्ही चहा अर्धवट टाकून उठलात. आणि बाबा गेल्याचं तळावरून आलेलं पत्र, जे तुम्ही मला कधी वाचू दिलं नाहीत, ते आज तुमच्या कपाटात नाही. घरात आपण दोघंच राहतो.

कोणतं विमान कधी उतरलं याची वही मेकॅनिककडे आहे. ती बघायला साडेनऊच्या बसने जातेय. तोवर स्टँडवर आहे. बाबांचं काय झालं हे मला परक्याच्या वहीतून कळू नये, असं वाटत असेल तर या.