वेगळा सिलिंडर

३ मार्च
नाही म्हणजे नाही! बेकरीवाल्याच्या जुन्या फ्रीजचा गॅस काढायचा होता. दादा म्हणाला, "नळी काप, फुस्स करून टाक, चल." मी गॅस ओढायचं मशीन लावलं आणि शेजारी ठाण मांडून बसले. गॅस सिलिंडरमध्ये उतरेपर्यंत बेकरीवाला घड्याळाकडे बघत होता, दादा माझ्याकडे. हवेत सोडायचा नाही, असा नियम आहे!
"ओझोन म्हणे! तुला दिसला का कधी?"
दादाची अक्कलही मला कधी दिसली नाही. म्हणून ती नाहीच, असं मी म्हणते का?

४ मार्च
दुकानात माझं नाव आता 'कायदेबाई'. असू दे. सिलिंडरवर बेकरीच्या गॅसचं नाव रंगवलं. एका सिलिंडरमध्ये एकच गॅस — दादाला हेही थोतांड वाटतं.

९ मार्च
मोठं भांडण. उशीर होतो म्हणून दोन गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली. "माझ्या पद्धतीने काम कर, नाहीतर दुसरीकडे बघ!" वहिनी मध्ये पडली — "अहो, बहीण आहे तुमची!" "म्हणूनच इतके दिवस ऐकून घेतलं."
रडू आलं. त्याच्यासमोर नाही रडले. बाबांनी पान्हा धरायला दोघांनाही शिकवलं, दुकान दोघांचं आहे. मी कुठेही जाणार नाही आणि गॅसही हवेत सोडणार नाही. कर काय करायचं ते!

१० मार्च
मशीन आणि सिलिंडर कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली त्याच्या खिशात. बरं! दिवसभर स्टुलावर हाताची घडी घालून बसले. एका स्क्रूला हात लावला नाही.

११ मार्च
अजून घडी. डेअरीच्या नव्या कूलरच्या दुरुस्तीचं काम आलं, गॅस काढावा लागणार होता; दादा एकटाच गेला. माझ्याकडे बघितलंही नाही. मागच्या बोळात फुस्स करून येईल, अडवायला कोण आहे तिथे? फार एकटं वाटलं.

१२ मार्च
सकाळी कपाट उघडं. माझा सिलिंडर उचलला — जड! डेअरीचा वेगळ्या जातीचा गॅस, बेकरीच्या गॅसवर ओतलेला! आता दोन्ही मातीमोल, सगळा नष्ट करायला पाठवावा लागणार. गाढव! ओरडायला तोंड उघडलं. दादा स्वच्छ पान्हा पुसत बसला होता.
"हवेत नाही सोडला," म्हणाला.
तोंड मिटलं. उद्या त्याला वेगळा सिलिंडर आणून देते.