तिकडं जाताना काय नेतात

दादा, परका मुलूख कसा ओळखायचा ते तुम्ही मला नाक्यावर शिकवलं, अन् आता त्याचाच मला राग येऊन राह्यलाय. निजामाची करोडगिरी म्हंजे जकात, देऊळगावच्या रस्त्यावर तिची तुमची चौकी, अन् पलीकडं इंग्रजाचं वऱ्हाड. बैलगाडी थांबली की तुम्ही गवतात कोपरापर्यंत हात घालायचे अन् मला म्हणायचे, "तिकडून काय आणतो ते बघू नको, ते दाखवायसाठीच असतं. तिकडं जाताना काय लपवून नेतो ते बघ. मुलूख कळतो." गवताखाली जवारी निघायची. लगेच तुमचा निकाल, तिकडं खायला न्हाई. उभा जन्म तो आडवा बांबू तुम्ही उचलला अन् टाकला, पण पलीकडं पाय ठेवला न्हाई.

पोलीस ॲक्शननंतर मी एकदा गेल्तो पलीकडं, तुम्हाला न सांगता. बाजारात भजे खाल्ले. घरी येऊन म्हणलं, "दादा, तिकडचे लोक खाऊनपिऊन बराबर हायेत." तुम्ही जोडे काढत होते, मान वर केली न्हाई. "तुला दाखवलं तेवढंच पाह्यलं तू. मोठा आला." आई चुलीपुढून म्हणली, "अन् तुम्ही काय पाह्यलं? गवत."

तुम्ही गेले, मागून नाकाबी गेला. यंदा आमच्या कॉलेजातले एक प्रोफेसर इंग्लंडात राहून आले. जालन्याच्या वाचनालयात तीन दिवस बोलले. घरोघरी नळ, गरम पाण्याचा येगळा, कोणी कोणाला जात विचारत न्हाई. मला बाजूला घेऊन म्हणले, "तू लिहितोस ना, मग चल. मी परत चाललोय, तुझी सोय लावतो. पण सोमवारपर्यंत सांग." मी गेलो तर आई इथं एकटी. एका माणसाच्या शब्दावर तिला टाकून जायचं तर तो शब्द तपासायला पाह्यजे. पुस्तकं वाचली, तर ती त्यांच्याच लोकांनी लिहिलेली. वकिलातीची रंगीत मासिकं पाह्यली, त्यात एकबी माणूस खोकताना न्हाई. मंग रविवारी प्रोफेसरांच्या घरी जाऊन बसलो. त्यांची ट्रंक भरणं चालू होतं.

लोणचं जातं, मेतकूट जातं. माझं ध्यान हाताकडं. मंग धोतराच्या घडीत गुंडाळलेला पितळी तांब्या.

"सर, नळ हायेत म्हणले होते ना घरोघरी?"

"आहेत की."

"मंग तांब्या?"

त्यांनी आतल्या दाराकडं पाह्यलं, आवाज खाली आणला. "संडासात पाणी नसतं रे. कागद असतो."

"तीन दिवसांत हे बोलले न्हाई तुम्ही."

"अध्यक्षांसमोर बोलू का हे?"

आतून काकू म्हणल्या, "मलासुद्धा आत्ताच कळतंय."

दादा, मला वाटलं, धरला. छातीत अशी ऊब आली, तुम्हाला जवारी लागल्यावर येत असंल तशी. रस्ताभर हाच धंदा, अजून काय काय दडवलं असंल या माणसानं. घर भाड्यानं देतात का आपल्याला? शेजारी बसू देतात का? बोलताना हसतात ते खरं हसतात का? अन् घराच्या वळणावर ध्यानात आलं, तांब्यावरून मला एवढंच कळलं की तिथं तांब्या मिळत न्हाई. तुम्ही चार पोत्यांवरून अख्खं वऱ्हाड उपाशी मारलं होतं. प्रोफेसरांनी मांडून दाखवलं ते अर्धं. आपण गवतातून काढलं तेबी अर्धंच, अन् वर आपली ऐट.

सोमवारी मी हो म्हणून आलो. भरवसा बसला म्हणून न्हाई, तो बिलकुल बसला न्हाई. इथं बसून तो बसणारबी न्हाई, एवढं कळलं. आईला सांगितलं तर ती भाकरी थापत राह्यली. मंग म्हणली, "जाय. मी हाय इथं." तिच्यावरबी मला संशय आला, की खरं म्हणती का माझ्यासाठी म्हणती. विचारलं न्हाई.

हे पत्र मी तिला दाखवणार न्हाई. तुम्ही असता तर मी आधी तुम्हाला विचारलं असतं. तुम्ही न्हाई म्हणले असते, अन् मी थांबलो असतो. तुम्ही न्हाई, याचं मला सोमवारी पह्यल्यांदा बरं वाटलं.